घडीमावशीचं सात कामांचं कपाट

घडीमावशी कुणाच्या घरी पहिल्यांदा गेली की बूड म्हणून टेकत नाही. पाणी नको, चहा नको, खुर्ची तर मुळीच नको. भिंतींवर टकटक करत ती घरभर फिरते आणि विचारते, "या दारामागे काय आहे? काहीच नाही? मग ही जागा काय वाऱ्याला आंदण दिलीय? आणि पलंगाखाली काय ठेवता? धूळ? वा! धुळीला केवढा मोठा दिवाणखाना!" खरं तर माणसाला राग यायला हवा. पण तो येईपर्यंत बाईने टेप काढून, तीन भिंती मोजून, कानामागची पेन्सिल हवेत फिरवून त्याच घरात आणखी एक खोली उभी केलेली असते. नुसती बोलण्यात, पण अशी उभी केलेली असते की घरातली माणसं तिथे कुणी झोपायचं यावरून भांडायला लागतात.

मावशी सुतार आहे, आणि सुताराची मुलगीही. वय असेल पंचावन्नच्या घरात, केस आखूड, अंगात सहा खिशांचा ढगळ सदरा. बोलण्याचा वेग असा की समोरच्याने 'हो' म्हणेपर्यंत ही पुढच्या बिजागरीवर पोचलेली असते. लहानपणी एका खोलीत सात माणसं होती. हिला झोपायला जागाच उरली नाही, म्हणून बाप रोज संध्याकाळी कामाच्या बाकावरची करवत, रंधा, पटाशी उचलायचा आणि तिथे हिची गादी घालायचा. सकाळी गादी निघाली की बाकावर काम सुरू. शाळेत हिच्या केसांतून भुसा पडायचा आणि पोरं खी खी करायची, पण हिला त्याचं काही नाही. "माझा पलंग दिवसा कामाला जातो," असं ती वर तोंड करून सांगायची.

दहाव्या वर्षी तिने ओट्याखालच्या कपाटाच्या दाराला आडवी बिजागरी मारली आणि त्याचं टेबल केलं. बाप खवळला. "अगं, दार होतं ते!" "अजून आहे की," असं म्हणून हिने टेबल उचललं आणि दार लावून दाखवलं. दुसऱ्या दिवशी बाप त्याच टेबलावर जेवला. चांगलं झालंय असं मात्र मरेपर्यंत कबूल केलं नाही.

तेव्हापासून जे वेड लागलं ते लागलंच. मावशीचं टेबल कधी नुसतं टेबल नसतं. ते उचललं की आरसा निघतो, फिरवलं की इस्त्रीची फळी होते. तिच्या स्टुलात बूट राहतात, तिच्या पायऱ्यांत कपडे. सगळ्याची घडी होते म्हणून लोक तिला घडीमावशी म्हणतात, आणि नवरासुद्धा चेष्टेने तेच म्हणतो. हा नवरा पॉलिशवाला. तिच्या बापाच्या दुकानात एकदा पॉलिश करायला आला आणि तिथेच चिकटला. बोलतो कमी, पण जे बोलतो ते नेमकं झोंबतं.

मावशीची कामाची एक रीत आहे, ती ऐकून नवीन माणूस चक्रावतो. लाकडाला हात लावण्याआधी ती दिवस खेळते. म्हणजे सगळं सामान भिंतीकडे सारायचं, घरातल्या सगळ्यांना उभं करायचं आणि प्रत्येकाच्या हातात वेगळ्या रंगाचा खडू द्यायचा. मग मावशी मधोमध उभी राहून ओरडते, "सकाळचे सहा!" सहाला जो जिथे असतो तिथे त्याने जायचं आणि आपल्या पायांभोवती खडूने गोल काढायचा. "सात!" सगळे हलतात. "आठ!" याचं कोपर त्याच्या बरगडीत जातं, कुणीतरी किंचाळतं, "रोज इथेच आपलं वाजतं बघा!" आणि मावशी खूश होऊन टाळ्या पिटते. अर्ध्या तासात अख्खा दिवस उरकतो, फरशी रंगीबेरंगी होते, आणि जिथे एकही गोल नाही ती जागा मावशीची. या खेळाचा नियम एकच, आणि तो तिने आजवर कुणालाही मोडू दिला नव्हता. जो राहणार, तोच खेळणार.

आता ऐका गंमत. तो नियम एकदा तिने स्वतःच मोडला.

झालं असं, की एक नर्सबाई दुकानात आली. दवाखान्यातून परस्परच आलेली, पायात ड्यूटीचे बूट तसेच. घर म्हणजे दहा बाय बाराची एक खोली, कडेला ओटा. नवरा, दोन मुली आणि ती. आता त्यात वडिलांना आणायचं होतं.

"आप्पांनी एकतीस वर्षं बस चालवली, मावशी," ती सांगायला लागली. "रिटायर झाल्यापासून माझ्या भावाकडे होते. आता भावाची बदली झाली, तिथे राहायचीच मारामार. तर आप्पांनी काय करावं? परस्पर जाऊन वृद्धाश्रमात नाव घातलं! महिनाअखेरपर्यंत ते लोक खाट राखून ठेवणार आहेत. मी म्हटलं, आमच्याकडे या. तर म्हणतात, तुमचेच पाय एकमेकांत अडकतात, त्यात माझे कुठे घालू? मी कुणाची अडचण होऊन राहणार नाही. त्यांनी जन्मात माझ्याकडे काही मागितलं नाही हो. आणि मला त्यांना एक कोपरा देता येऊ नये?"

मावशी केव्हाच उभी राहिली होती. "महिनाअखेरला किती दिवस आहेत?"

"तीन आठवडे."

"दोन पुरे! चल, घर दाखव."

आप्पा होते भावाच्या गावी. ते यायचे, मग खेळ व्हायचा, मग काम सुरू व्हायचं, एवढा दम मावशीला कुठला! तिला जिना चढतानाच कपाट दिसायला लागलं होतं. "आप्पांचं काम कोण करतंय?" तिने विचारलं, आणि जावई पुढे आला. जावई म्हणजे नर्सबाईचा नवरा, कुरियरच्या ऑफिसातला, गुटगुटीत आणि हौशी. त्याने पाठीला बाक दिला, खोकला काढला, एक हात कमरेवर ठेवला. दोन्ही मुली हसून हसून लोळल्या. धाकटी तर "आप्पा, गोळी घ्या" म्हणत त्याच्या मागे मागेच फिरली. झोपायच्या वेळी आप्पा झालेला जावई भिंतीपाशी आडवा झाला आणि स्वतःच्या जागी त्याने एक उशी ठेवली. "सकाळचे सात!" मावशी ओरडली. सगळे उठले, पळापळ झाली, डबे भरले गेले. "आठ! नऊ!" खेळ असा काही रंगला की शेजारची मंडळी दारात येऊन उभी राहिली. असा झकास दिवस मावशीने कित्येक वर्षांत खेळला नव्हता.

आणि मग चौदा दिवस दुकानात नुसता धुरळा. मावशी जेवताना उठायची, ताटाशेजारच्या कागदावर रेघ मारायची, पुन्हा बसायची. "अहो, ऐका ना, पलंग पाडला की पोटातून टेबल, आणि टेबलाचे पाय म्हणजेच स्टुलं!" नवरा म्हणायचा, "ऐकलं. आमटी गार होतेय." पंधराव्या दिवशी कपाट भिंतीला उभं राहिलं. काय कपाट होतं म्हणता! दार उघडलं की पाचही जणांचे कपडे. खटका दाबला की अख्खा दर्शनी भाग अलगद खाली येऊन आप्पांचा पलंग, तोही असा हलका की धाकटीने एका हाताने वर ढकलला. वर ढकलला की त्याच्या पाठीवरून टेबल सुटायचं, अभ्यासाला आणि जेवायला. त्याच्या पोटातून दोन स्टुलं. खिडकीकडच्या बाजूला बावीस इंचांचा एक उभा खण होता, त्यातून इस्त्रीची फळी निघायची, खाली बूट राहायचे आणि त्याच्याच पायऱ्या होऊन माळ्यावर चढता यायचं. सात कामं! मावशीने ती सातही सगळ्या शेजाऱ्यांना दोनदा करून दाखवली, आणि ज्याला उशीर झाला त्याला तिसऱ्यांदा.

आप्पा आले. उंच, सडपातळ, हातात एक बॅग. त्यांनी कपाट पाहिलं, पलंगावर पडून पाहिलं, मावशीला नमस्कार केला. "फार छान आहे," ते म्हणाले. "चार दिवस राहून बघतो."

पाचव्या दिवशी नर्सबाई दुकानात हजर. डोळे सुजलेले. "मावशी, आप्पा जातो म्हणतात."

मावशीच्या हातातला स्क्रू खाली पडला. "का? खटका अडकतो? गादी रुतते? पलंग करकरतो?"

"काही नाही हो. सगळं छान आहे म्हणतात. झोप मस्त लागते म्हणतात. पण जातो म्हणतात. महिनाअखेर तीन दिवसांवर आली, मावशी. मी काय करू?"

"अगं, पण कपाटात खोट काढल्याशिवाय माणूस जाईलच कसा?" मावशी इतकी पेटली की हत्यारांची पिशवी उचलून तशीच निघाली, आणि नवरा दुकान बंद करून मागून धावला. सुट्टीचा दिवस, सगळे घरातच होते. मावशीने कुणाला काही विचारलं नाही. खिशातून खडू काढले आणि पांढरा खडू आप्पांच्या हातात दिला. "आप्पा, तुमचा दिवस खेळायचा. तुम्ही स्वतः. सकाळचे सहा!"

आप्पा ओशाळून हसले, पण पलंगापाशी उभे राहिले आणि वाकून गोल काढला.

"सात!"

पलंग वर गेला, टेबल खाली आलं, मुली स्टुलांवर बसल्या, नर्सबाई ओट्याशी, जावई आरशापुढे. आप्पा दारातून बाहेर गेले.

"आप्पा, आत या. खेळ इकडे आहे."

"सातला मी इथेच असतो," आप्पा जिन्यावरून म्हणाले.

"बरं, आठ!"

"इथेच."

"दहा! आता तर घरात कुणीच नाही."

"कुणी नाही म्हणून काय मी भरदिवसा पलंग पाडून लोळू? खाली बाकावर असतो."

"चार!"

"मुलींचा अभ्यास असतो. जिन्यात."

"सहा? सात? आठ?"

"मुलींचा अभ्यास, मग इस्त्री, मग पानं मांडायची. उगाच मध्ये मध्ये कशाला? जेवायला येतो की मी. जेवलो की परत जिन्यात, हवा छान असते."

"रात्रीचे नऊ."

आप्पा आत आले आणि पलंगापाशी उभे राहिले. मावशीने खाली पाहिलं. फरशीभर लाल, निळे, पिवळे, हिरवे गोल पसरले होते. पांढरे होते फक्त पलंगाशी, एक सकाळचा आणि एक रात्रीचा. बाहेर जिन्याच्या वरच्या पायरीवर मात्र पांढऱ्या गोलांचा नुसती गिचमीड झाली होती.

मावशी गर्रकन जावयाकडे वळली. "त्या दिवशी तुम्ही आप्पा झाला होता. सात वाजता तुम्ही काय केलंत?"

"मी? मी... ऑफिसला गेलो."

"आणि आप्पा?"

जावई उभ्या उभ्या पांढरा पडला. "आप्पा बहुतेक माझ्याबरोबरच ऑफिसला गेले, मावशी."

एरवी या वाक्यावर अख्खं घर हसून लोळलं असतं. आज धाकटीसुद्धा हसली नाही.

"चूक तुमची नाही," मावशी म्हणाली. "माझी आहे. एका माणसाकडून दोन कामं करून घेतली. खोड आहे ना मला!" आणि इतकी वर्षं भिंती ठोकत फिरलेली ती बाई पहिल्यांदाच परक्या घरात खाली बसली, सरळ फरशीवर, खडूच्या गोलांमध्ये.

आप्पांना वाईट वाटलं. "अहो बाई, कपाटात काही दोष नाही. खटका दाबला की मी येतो, वर ढकललं की मी जातो. कुणाला त्रास नाही. पण रात्रीपुरतं येऊन काय करायचं? तिकडे निदान खाट दिवसभर खाटच असते."

नर्सबाईने तोंडाला पदर लावायचा तर पदर नव्हता, तिने ओट्यावरचं फडकं लावलं.

आणि मावशी उठली! अहो, उठली कसली, उसळलीच. "थांबा! कुणी हलू नका! गोल पुसू नका!" तिने टेप ओढला, खिडकीपाशी गेली, तो बावीस इंचांचा खण वरून खाली मोजला, आडवा मोजला, दोन्ही हातांनी त्याच्यावर थापट्या मारल्या. डोळे असे चमकत होते की नवऱ्याने न विचारताच पिशवीतून करवत काढली.

"तीन कामं जातील," तो म्हणाला.

"जाऊ देत!"

"आणि पॉलिश अजून पुरतं वाळलं नाहीये."

"मग ओलं कापते!"

"अहो बाई, नको, नको," आप्पा मध्ये पडले. "एवढं सुंदर काम मोडू नका. मला काय, कुठेही चालतं."

"कुठेही चालत असतं तर जिन्यात बसला नसतात," मावशी म्हणाली आणि करवत चालवली. इस्त्रीची फळी गेली. बूट गेले. पायऱ्या गेल्या. मोठी मुलगी "अरे देवा, सातातली चार राहिली" म्हणून बोटं मोजत होती. तासाभरात खिडकीखाली बावीस इंच जागा मोकळी झाली आणि तिच्यात ऊन येऊन पडलं.

"बसायला करायचंय तुमच्यासाठी," मावशी म्हणाली. "सांगा, किती उंच हवं?"

"काहीही चालेल."

मावशी पक्की. तिने कापलेला खोका आडवा टाकला, त्यावर आणखी एक फळी चढवली आणि म्हणाली, "मग हे घ्या. बसा."

आप्पा बसले. पाय लोंबकळायला लागले. एक क्षण गेला, दोन गेले. मग त्यांच्यातला ड्रायव्हर काही गप्प बसेना. "ही काय उंची झाली? मांडीखाली रग लागेल. दोन इंच खाली घ्या. आणि बूड मागे उतरतं हवं, जरासं, नाहीतर माणूस पुढे घसरतो. पाठ इतकी ताठ नको. हां. अजून. बास! हात टेकायला उजवीकडे, डावीकडे नको, डावीकडे भिंत आहे. आणि पायाखाली तिरकी फळी पाहिजे, सपाट नाही. सपाट कोण देतं?"

"मी देत होते," मावशी म्हणाली.

"मग चुकत होतात!" आप्पा म्हणाले आणि स्वतःच दचकले. मावशीला तर इतका आनंद झाला की तिने नवऱ्याला कोपराने ढोसलं.

दोन दिवस तिथेच काम चाललं. मावशीच्या जन्मात इतकं सोपं काम आलं नव्हतं आणि इतकं अवघडही. खुर्चीखाली केवढी पोकळी! तिचे हात शिवशिवायला लागले. एक झाकण, दोन बिजागऱ्या, की झाली पेटी! तिने पेन्सिलीने खूण केलीसुद्धा. नवरा शेजारी पॉलिशचं फडकं पिळत नुसता "अं हं" एवढंच म्हणाला, आणि तिने ती खूण थुंकी लावून पुसली.

नर्सबाईलाही मोह झाला. "मावशी, खाली छोटा कप्पा झाला तर कांदे-बटाटे राहतील."

"नाही!" मावशी अशी ओरडली की जावयाच्या हातातला कप हिंदकळला. "मग कांदे काढायला तू त्यांना उठवशील. आज कांद्यासाठी, उद्या बुटांसाठी. ही खुर्ची काही करत नाही. उघडत नाही, मिटत नाही, सरकत नाही. हिच्यावर फक्त बसायचं, आणि तेही आप्पांनी!" शेवटी तिने चार जाड बोल्ट मारून खुर्ची जमिनीला जखडली आणि पाना खिशात टाकला.

महिन्याचा शेवटचा दिवस उजाडला. नर्सबाईने रजा घेतली होती, आणि ते बघून धाकटीनेही शाळेला दांडी मारली होती. आप्पा अजून काही बोलले नव्हते. खुर्ची चांगली झालीय म्हणाले, खिडकीतून रस्ता दिसतो म्हणाले, पण राहतो असं काही म्हणाले नव्हते, आणि विचारायची कुणाची छाती होत नव्हती. मावशी बोल्ट तपासायचं निमित्त काढून नवऱ्याला घेऊन सकाळीच आली. बोल्टला काही झालेलं नव्हतं. तरी ती आपली कपाटाच्या खटक्याला तेल घालत राहिली, घालत राहिली.

साडेदहाला फोन वाजला. नर्सबाईने घेतला, आणि तिचा चेहरा उतरला. "आश्रमातून आहे," ती हळूच म्हणाली. "आज येताय का विचारतायत. नाहीतर खाट दुसऱ्याला देणार."

आप्पा दाढी करून मोरीतून बाहेर येत होते. त्यांनी हात पुसले, फोन घेतला आणि बोलायला म्हणून खिडकीकडे गेले. खुर्चीत धाकटी बसली होती. तिरक्या फळीवर पाय, मांडीवर पुस्तक, कोपर उजवीकडे टेकलेलं.

"एक मिनिट थांबा हं," आप्पा फोनमध्ये म्हणाले. मग धाकटीकडे वळले. "ऊठ."

"थांबा ना आप्पा, एवढं पान झालं की उठते."

"पान स्टुलावर बसून वाच. ऊठ म्हटलं ना! ही माझी जागा आहे."

आवाज चांगलाच चढला होता. धाकटीने गाल फुगवले, पुस्तक उचललं आणि पाय आपटत टेबलाकडे गेली. आप्पा बसले, मागे रेलले, फोन कानाला लावला. "हां, बोला. नाही, नाही, देऊन टाका ती खाट. गरज असेल एखाद्याला."

नर्सबाई भिंतीकडे तोंड करून उभी होती आणि तिचे खांदे हलत होते. मावशीच्या हातातली तेलाची बाटली केव्हाची कलंडून सदऱ्यावर सांडत होती, पण भान कुणाला! तिने नवऱ्याचा दंड घट्ट धरला. "अहो, ऐकलंत ना?" ती कुजबुजली, आणि ते कुजबुजणं अख्ख्या खोलीला ऐकू गेलं. "रागावले! आप्पा रागावले!"